काळजाचा समंजसपणा

मराठी माणूस 'काळीज' म्हणतो तेव्हा छातीवर हात ठेवतो. वास्तविक हा शब्द मुळात यकृताचा. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागताना तेवढा तो आपण बरोबर वापरतो! काळजाचा तुकडा, काळजाला हात घालणे हे सारे मान यकृताचे. पण ते परस्पर हृदयाने पळवले. यकृताची तक्रार नाही. सहन करणे हा त्याचा स्वभावच, आणि आज मला सांगायचे आहे ते त्या स्वभावाविषयीच.

शरीराची संरक्षण यंत्रणा परक्याला ओळखते आणि त्याच्यावर तुटून पडते, असे आपण शाळेत शिकलो. पण दुपारी खाल्लेली बाजरीची भाकरी आणि वाटीभर दूध, हेही परकेच की! त्यांच्याविरुद्ध युद्ध का पेटत नाही? त्याचे उत्तर काही आतड्यात आहे, तर काही यकृतात. आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. एका खास शिरेतून ते आधी यकृतात येते. यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश या शिरेतून आलेले असते. अन्नाचे अंश, जंतूंचे तुकडे, सारा माल त्यात येतो. नगर शहरातल्या माळीवाडा वेशीसारखी ही शरीराची वेस. येणाऱ्या प्रत्येकावर तलवार उपसणारा पहारेकरी तिथे ठेवला, तर गावचा बाजारच बंद पडेल.

म्हणून यकृताची रचनाच वेगळी आहे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शनिशिंगणापूरची परंपरेने बिनदाराची घरे सर्वांना ठाऊक आहेत. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या अशाच, भिंतीत झरोके असलेल्या. त्यामुळे रक्तातल्या टी पेशी, म्हणजे संरक्षणाचे शिपाई, यकृताच्या पेशींना थेट भेटू शकतात. यकृतपेशी शिपायाला परक्याची ओळख करून देतात. पण 'हल्ला कर' हा दुसरा हुकूम सहसा देत नाहीत. नुसती ओळख झालेला शिपाई मग थंडावतो किंवा मरून जातो. वाहिन्यांत बसलेल्या कुप्फर पेशी जंतू गिळतात आणि भडका शमवणारी द्रव्येही सोडतात. शिपायांना आवरणाऱ्या 'नियंत्रक' टी पेशींनाही इथे बळ मिळते. याच नियंत्रक पेशींच्या शोधासाठी २०२५ चे वैद्यकाचे नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले.

या समंजसपणाचा पुरावा १९६९ मध्येच दिसला होता. इंग्लंडमधले शल्यविशारद रॉय काल्न यांनी डुकरांमध्ये यकृतांचे रोपण केले, तेव्हा परके यकृत कित्येकदा औषधांविना टिकले. माणसातही यकृतरोपण झालेल्या काही निवडक रुग्णांची प्रतिकार दाबणारी औषधे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुढे थांबवता आली आहेत.

पण अति समंजसपणाचा फायदा लबाड घेतोच. हिपॅटायटिस बी चा विषाणू नेमका याच घरात मुक्काम ठोकतो. प्रौढ माणसाला लागण झाली, तर शंभरातले पंच्याण्णवहून अधिक जण त्याला हुसकावतात. नवजात बाळाला आईकडून लागण झाली, तर शंभरातली सुमारे नव्वद बाळे तो आजार जन्मभर बाळगतात. कोवळे शरीर त्याला घरचाच समजते! वर्षानुवर्षे काही जाणवत नाही, आणि ऐन कर्तेपणी यकृत आक्रसल्याचे किंवा कर्करोग झाल्याचे कळते.

यावर उपाय साधा आहे. गरोदरपणी आईची रक्ततपासणी आणि बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली लस. २०११ पासून ही लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. ऊसतोडीला निघालेल्या, वाटेत किंवा फडावर बाळंत होणाऱ्या बाईचे बाळ या चोवीस तासांना मुकू शकते. म्हणून ती कुठे आहे, याची चौकशी घरच्यांनी आणि मुकादमानेही ठेवली पाहिजे.

आणखी एक सांगतो. हा आजार रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, बाळाला उचलून घेतल्याने होत नाही. तपासणीत दोष निघाला म्हणून सुनेचे ताट वेगळे मांडणाऱ्या घरांनी एवढे जाणावे. यकृत रोज हजार परक्यांना सामावून घेते. आपल्याला घरचे एक माणूस जड का व्हावे?