ट्रकमधून आफ्रिका : न्यासा सरोवराच्या काठी आम्ही उभयता

‘या वयात तंबूत झोपायचे? आणि तेही आफ्रिकेत?’ आमच्या चाळीतल्या बायकांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला, की निघायच्या आदल्या रात्री मलाही तो खरा वाटू लागला. पण धाकटा मुलगा नैरोबीत नोकरीला. त्याने अर्धे पैसे भरून टाकले होते आणि उरलेले अर्धे मी माझ्या फंडातून काढले होते. आता माघार कसली!

हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. मी महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होते. साठीच्या पुढे पीतज्वराची लस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी लागते, म्हणून आधी यांची तपासणी झाली. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते पिवळे कार्ड लागू होते. ते जवळ नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. आफ्रिकेत मुलगा-सून असलेल्या आईबापांनी तिकिटाच्याही आधी ही चौकशी करावी.

२०२३ च्या जुलैत आम्ही नैरोबीला उतरलो. यांना सिंह बघायचे नव्हते, रेल्वेचे म्युझियम बघायचे होते. नैरोबी हे शहरच मुळी रेल्वेने वसवलेले. मोंबासाहून निघालेले रूळ १८९९ मध्ये तिथल्या माळावर आले आणि १९०१ च्या अखेरीस व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. ते टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. नरभक्षक सिंहांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण जास्त माणसे तापाने आणि जुलाबांनीच गेली असणार, हा आपला माझा दवाखान्यातला अंदाज. हे मात्र जुन्या इंजिनाच्या चाकाला हात लावून बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा ट्रक आला. ट्रक म्हणजे आपला मालाचा नव्हे. वर बसायला आसने, मोठ्या खिडक्या, पोटात तंबू, शेगड्या, पाण्याच्या टाक्या आणि धान्याचे डबे. नैरोबीहून निघून टांझानिया, मलावी, झांबिया करत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत तीन आठवडे हेच घर. आम्ही अठरा जण, बाकी सगळे गोरे, बहुतेक आमच्या मुलांच्या वयाचे. जेवणखर्चासाठी प्रत्येकाने सुरुवातीलाच डॉलर भरायचे, त्याला ते किटी म्हणतात. आपली भिशीच म्हणा, फक्त नंबर कुणाचाच लागत नाही! कामाच्या पाळ्या लावलेल्या. आज भाजी चिरणारे, उद्या भांडी घासणारे. घासलेली ताटे फडक्याने पुसायची नाहीत, दोन्ही हातांत धरून वाऱ्यावर हलवायची. फडक्यातून एकाची हगवण अठरा जणांना होते, म्हणून ही पद्धत. आमच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाई खूश झाल्या असत्या.

आमचा वाटाड्या केनियाचा. पहिल्याच दिवशी मला ‘मामा’ म्हणू लागला. मी म्हटले, अरे, मामा माझ्या भावाला म्हण! मग कळले, स्वाहिलीत मामा म्हणजे आई आणि बाबा म्हणजे बाबाच. त्या भाषेत चपाती आहे, चाय आहे. साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबू, दुकानाला दुका, गाडीला गारी. यांचे इंग्रजी वर्कशॉपपुरतेच, पण बाजारात गोऱ्या मंडळींपेक्षा यांचेच लवकर जमायचे.

मन्यारा सरोवराजवळ म्टो वा म्बू नावाच्या गावात मुक्काम पडला. नावाचा अर्थ डासांची नदी! हिवतापाची रोजची कॅप्सूल आम्ही दोघे नियमाने घेत होतो. निदान माझी तशी समजूत होती.

झांझिबारला सगळे समुद्रात डुंबायला गेले. आम्ही गुलामांच्या जुन्या बाजाराची जागा बघायला गेलो. तो बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि त्याच जागेवर चर्च उभे राहिले. आवारात एका खड्ड्यात पाच माणसांचे दगडी पुतळे आहेत. गळ्यातली साखळी मात्र त्या काळातली, खरी लोखंडी. ज्या न्यासा सरोवराकडे आम्ही निघालो होतो, तिकडचीच हजारो माणसे अशी बांधून, आठवडेच्या आठवडे चालवत किनाऱ्यावर आणली आणि होड्यांतून इथे विकायला आणली. हे लोखंडात काम केलेला माणूस. साखळीकडे बघून एवढेच म्हणाले, ‘कडी जोडणाऱ्यालाही मजुरी मिळाली असेल ना गं?’ मला उत्तर सुचले नाही. त्या संध्याकाळी आम्ही कुणाशी फारसे बोललो नाही.

पुढचा रस्ता लांबचा. मिकुमीच्या जंगलातून जाताना हमरस्त्यावरूनच हत्ती दिसले. मग गोरखचिंचेची बुटकी, जाडजूड झाडे, मग म्बेयाची थंडी, टुकुयूचे चहाचे मळे आणि केळीच्या बागा. सोंग्वे नदी ओलांडली की मलावी लागतो. थोडे पुढे गेल्यावर डाव्या हाताला पाणी सुरू झाले ते संपेचना! टांझानियात त्याला न्यासा म्हणतात, इकडे मलावी सरोवर. लांबी सुमारे ५८० किलोमीटर, खोली ७०० मीटरच्या घरात. जुलैत दक्षिणेकडून म्वेरा नावाचा वारा सुटतो आणि लाटा अशा आपटतात, की आपण जुहूला उभे आहोत असे वाटावे. पाणी मात्र गोडे. ओंजळभर तोंडात घेऊन बघितल्याशिवाय माझा विश्वास बसला नाही. वाटाड्या लगेच ओरडला. लव्हाळ्याजवळच्या उथळ पाण्यात गोगलगाई असतात आणि त्यांच्यातले कृमी कातडीतून अंगात शिरतात. त्या रोगाला तिकडे बिल्हार्झिया म्हणतात.

काठावर बांबू-बोरूंचे लांबलचक मांडव होते आणि त्यावर बोटाएवढी मासळी वाळत घातलेली. तिला उसिपा म्हणतात. वास आला आणि मी ट्रक थांबवायला लावला. आपला सुकट-बोंबलाचा वास, दुसरा कुठला! एका बाईकडून दोन वाट्या घेतल्या. त्या रात्री भाजीची पाळी आमचीच होती. तव्यावर भाजून कांदा, मिरची आणि घरून नेलेला मसाला घातला. चार जण तंबूत पळाले, बाकीच्यांनी पातेले पुसून खाल्ले. सोबत न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा. तो हाताने तोडायचा, बोटांनी वळायचा आणि कालवणात बुडवायचा. हाताने जेवणारे आमच्यात आम्ही दोघेच सराईत, म्हणून त्या दिवशी आम्ही गुरुजी झालो.

त्याच रात्री कांडे नावाच्या गावच्या किनाऱ्यावर यांना हुडहुडी भरली. दोन झोपायच्या पिशव्या अंगावर घातल्या तरी दात वाजत होते. अंग चटके बसावेत असे तापलेले. मी पावसाळ्यात झोपडपट्टीतून रक्ताचे नमुने घेत फिरलेली बाई, मला कुणी सांगायला नको होते. पण गोळी तर रोज घेतायत? चष्मा काढून ठेवावा म्हणून चष्म्याचे घर उघडले, तर आत नऊ कॅप्सूल. पहाटे उपाशीपोटी घेऊन मळमळायचे, म्हणून आर्युषापासून... नव्हे, अरुशापासून (ते नाव मला अजून नीट येत नाही) यांनी घेणेच बंद केले होते. मला सांगितले असते तर जेवणानंतर दिली असती. तेवढीच गोष्ट होती.

सकाळी वाटाड्याने जवळच्या लहान दवाखान्यात नेले. बाकड्यावर लेकुरवाळ्या बाया बसलेल्या. सिस्टरने बोट टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला आणि पंधरा मिनिटांत हिवतापाची रेघ उमटली. औषध तीन दिवसांचे, सहा वेळा चार-चार गोळ्या, आणि तेल-तुपाचे काहीतरी खाऊनच घ्यायच्या. तिने शेंगदाणे खायला सांगितले. मीही सिस्टर आहे म्हटल्यावर तिने मला आत बोलावले. लहान मुलांना हिवतापाची लस द्यायला २०१९ मध्ये मलावीतच पहिल्यांदा सुरुवात झाली, हे तिने मला अभिमानाने ऐकवले. तिकडे या तापाने दगावतात ती मुख्यतः पाच वर्षांखालची मुले.

ट्रक तिसऱ्या दिवशी निघणार होता. थांबायचे की जायचे? मी दर चार तासांनी ताप बघून वहीत लिहीत होते. दुसऱ्या रात्री घाम आला आणि ताप उतरला. तिसऱ्या पहाटे यांनी स्वतःहून न्सिमा मागितला. तेव्हा ठरवले, जायचे. एका जर्मन मुलीने मागचे लांब आसन यांना झोपायला दिले आणि स्वतः पुढे मुटकुळे करून बसली. लिलाँग्वेनंतर हे पुन्हा भांड्यांच्या पाळीला उभे राहिले.

झांबियात नदीकाठी पाणघोडे बघितले, शेवटी धबधबाही बघितला. तो फार मोठा आहे आणि फार भिजवतो.

मुंबईला विमानतळावर आरोग्य खात्याच्या माणसाने दोन्ही पिवळी कार्डे बघून परत दिली. प्रतिबंधाची कॅप्सूल घरी आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. अठ्ठावीस दिवस मी रोज जेवणानंतर ती यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिले. एकोणतिसाव्या दिवशी यांनी सवयीने हात पुढे केला.