पिंप आणि बुधला

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गॅरेजमधली गाडी बाहेर जाते आणि द्राक्षं आत येतात. लोडाय हे झिन्फांडेल द्राक्षांचं गाव कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमॉन्टपासून सव्वा-दीड तासावर आहे. तिथून मी दरवर्षी तीन पेट्या आणते. एक पेटी 36 पौंडांची, म्हणजे 16 किलोला थोडी वर. तीन पेट्यांतून साधारण 26-27 लिटर वाइन उतरते, आणि एवढीच मला जमते.

मी तासगावची. बागेत वाढले, शाळा सुटली की बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांमधून फिरले. त्यामुळे झिन्फांडेलचा घड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा चकित झाले. एकाच घडात हिरवट मणी, टपोरे काळे मणी आणि मध्येच चक्क सुकून गेलेले बेदाणे. तासगावात प्रतवारी करताना असा घड बाजूला काढला असता. इथे तो तसाच चिरडतात. ते सुकलेले मणी रात्रभर रसात भिजतात आणि आपली साखर सोडतात. म्हणून पहिल्या दिवशीचं हायड्रोमीटरचं, म्हणजे रसातली साखर मोजायच्या तरंगत्या नळीचं, माप मी वहीत लिहितच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा 1.100 च्या आसपास दिसला की ते खरं.

हे सगळं शिकवलं शेजारच्या इटालियन आजोबांनी. त्यांच्या घरात तीन पिढ्या वाइन होते. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तरी घरच्यापुरता फळांचा रस आंबवायला कायद्यात वाट होती, आणि कॅलिफोर्नियाची द्राक्षं रेल्वेने थेट शिकागो-न्यूयॉर्कपर्यंत जायची. आज एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला 200 गॅलन वाइन घरच्यासाठी करता येते. विकायची मात्र नाही. (महाराष्ट्रात घरी वाइन करायला परवाना लागतो, त्यामुळे हे वाचून कोणी गावाकडे पिंप भरू नये.)

पहिल्या वर्षी मी आजोबांना विचारलं होतं, भांडं काचेचं घेऊ की प्लास्टिकचं? त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं. एका भिंतीला पांढरी प्लास्टिकची पिंपं एकात एक घालून ठेवलेली, आणि दुसऱ्या भिंतीला हिरवट काचेचे फुगीर बुधले, एकेक 54 लिटरचा. त्यांच्या भाषेत ‘दामिजाना’. पूर्वी या बुधल्यांना वेताची टोपली असायची, आता टोपली प्लास्टिकची असते. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे समोर होतं, पण मला ते कळायला तीन हंगाम गेले.

आधी पिंपाचं सांगते. द्राक्षं हाताने देठांवरून काढून, चिरडून, साल-बियांसकट पिंपात जातात. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, गर बहुतेक पांढराच. म्हणून रस सालींबरोबर आठवडाभर राहावा लागतो. माझं पिंप 20 गॅलनचं, म्हणजे जवळपास 76 लिटरचं आहे, आणि मी ते अर्ध्याच्या थोडंच वर भरते, कारण माल फुगतो. यीस्ट घातल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साली वर येऊन त्यांचा घट्ट थर बनतो, वीतभर जाड. कान जवळ नेला तर पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज येतो. हा थर कोरडा पडला की त्यावर आंबूस जंतू धरतात, म्हणून तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा. मी स्टीलची चकती लावलेला दांडा वापरते. सुरुवातीला थर दाद देत नाही. मग एका जागी भोक पडतं, त्यातून जांभळा फेस उसळतो, आणि हाताला एकदम ऊब लागते. गॅरेज 20 अंशांवर असतं तेव्हा त्या थराखाली 28-29 अंश भरतात.

हे काम अरुंद तोंडाच्या काचेच्या बुधल्यात होऊच शकत नाही. हात जात नाही, दांडा जात नाही. कोणी तसं केलंच तर साली वर चढून मानेत बसतात, वरचा एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप, बुजतो, आत वायू कोंडतो आणि बूच छताला जाऊन लागतं. माझ्या तीन पेट्यांमधल्या साखरेतून दीड हजार लिटरांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला मोकळी वाट हवी आणि गॅरेजचं दारही उघडं हवं.

हाच वायू त्या आठवड्यात राखणही करतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो पिंपात सालींवर पसरून राहतो आणि ऑक्सिजनला खाली येऊ देत नाही. म्हणून पिंपाला झाकण नाही लावलं तरी चालतं, फक्त चिलटं आत जायला नकोत. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, मग दादरा बांध की.” मी धुतलेल्या पंच्याचा दादरा बांधते. बरणीवर बांधायचो तसाच, नाडीला सुरगाठ मारून.

प्लास्टिक घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, ते अन्नासाठीचं आहे का. बुडाला त्रिकोणात 2 आकडा असेल तर ते एचडीपीई, पण तेवढ्यावर भागत नाही, पेला-काट्याची खूणही शोधायची. दुसरं, त्यात आधी काय ठेवलं होतं. प्लास्टिक वास सोडत नाही. लोणच्याचा डबा कितीही घासा, झाकण उघडलं की हिंग-मोहरी आहेच. आणि घासणं हीच चूक असते, कारण घासणीचे ओरखडे पडतात आणि त्या चरांत जंतू घर करतात. मी पिंप सोडियम परकार्बोनेटच्या पाण्यात भिजवून मऊ फडक्याने पुसते. ओरखडे दिसायला लागले की ते पिंप बागेला जातं.

पहिल्या वर्षी इथपर्यंत सगळं नीट झालं, आणि मग माझी चूक झाली. साली पिळून काढल्यावर मी वाइन 30 लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत ओतली, झाकण दाबलं आणि मार्चपर्यंत तशीच ठेवली. उकळी संपली होती, म्हणजे वायूची राखणही संपली होती. वर चार बोटं रिकामी जागा, रुंद तोंड, आणि एचडीपीईच्या भिंतीतून हळूहळू झिरपणारा ऑक्सिजन. मार्चमध्ये झाकण उघडलं तर जांभळा रंग विटकरी झाला होता आणि नेलपॉलिशचा वास येत होता. सहा महिन्यांची मेहनत मी ओतून दिली. खूप वाईट वाटलं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, भिंतीतून आलेल्या हवेपेक्षा त्या चार बोटांच्या रिकाम्या जागेने जास्त घात केला होता. असेटोबॅक्टर नावाचे जंतू ऑक्सिजन मिळाला की अल्कोहोलचं व्हिनेगर करतात, आणि मी त्यांना पुरता ऑक्सिजन दिला होता.

त्यानंतर काच आली. सहा गॅलनचा कारबॉय, म्हणजे 22.7 लिटर. ‘कारबॉय’ हा शब्द मूळ फारसी ‘कराबा’, मोठा बुधला. काचेतून हवा जात नाही, वास राहत नाही, ओरखडा पडत नाही. तोंड दोन बोटांचं, त्यामुळे मानेपर्यंत भरला की हवेला जागाच उरत नाही. उरलेली वाइन एक गॅलनच्या बाटलीत जाते आणि पुढे कारबॉय भरून काढायला कामी येते. आणि काच आतलं दाखवते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ऑक्टोबरमध्ये बुधला जांभळ्या शाईसारखा गढूळ असतो. डिसेंबरात पाठीमागून टॉर्च धरला की वरचा भाग माणकासारखा पेटतो आणि खाली बोटभर साका बसलेला दिसतो, तळाशी काळपट आणि वर फिकट जांभळा. सायफनची नळी त्या साक्याच्या किती वर थांबवायची हे डोळ्यांनी ठरवता येतं. अपारदर्शक बादलीत हा अंदाज नेहमी चुकायचा आणि गाळ नळीत यायचा. उजेड मात्र काचेला आवरत नाही, म्हणून टॉर्च विझवला की बुधल्यावर जुन्या गोधडीचं आवरण येतं.

तिसऱ्या वर्षी काचेनेच इजा केली. नोव्हेंबरची थंड सकाळ होती. गॅरेजमधला गार बुधला धुवायला घेतला आणि त्यात नळाचं कढत पाणी सोडलं. टक् असा बारीक आवाज आला, बूड ताटलीसारखं गोल सुटलं, आणि मी वरचा भाग सावरायला गेले. तळहाताला चार टाके पडले. बुधला रिकामा होता म्हणून निभावलं. भरलेला असता तर 7 किलो काच आणि 23 किलो वाइन असं 30 किलोचं ओझं ओल्या सिमेंटवर फुटलं असतं. आता माझा प्रत्येक बुधला दुधाच्या बाटल्यांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये उभा असतो. उचलायचा तो क्रेटसकट, दोघांनी, कोरड्या हातांनी. मानेला धरून कधीच नाही. धुवायला कोमट पाणीसुद्धा मी वापरत नाही.

टाके पडले त्या वर्षी पीईटीचा, म्हणजे त्रिकोणात 1 आकडा असलेला कारबॉयही घेऊन पाहिला. वजन जेमतेम पाऊण किलो. एचडीपीईपेक्षा तो हवा कैक पटींनी कमी जाऊ देतो आणि आतलंही दिसतं. पण त्याची एक खोड आहे. भरलेला उचलला की बाजू दबतात, खाली ठेवला की त्या परत फुगतात, आणि त्या झटक्यात एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. उचलण्याआधी एअरलॉक काढून ठेवायचा, ही सवय लावून घ्यावी लागली. कढत पाण्याने तो वेडावाकडा होतो, ब्रश तर लावायचाच नाही. त्यात मी प्लमची वाइन करते, जी पाच-सहा महिन्यांत संपते. ज्यांच्या घरात लहान मूल रांगतंय किंवा ज्यांची पाठ दुखते, त्यांनी बिनदिक्कत हाच घ्यावा असं मी सांगते. वर्षभर थांबायची ती लाल वाइन मात्र मी काचेतच ठेवते.

थोड्या हवेचं वाइनला पूर्ण वावडं असतं असंही नाही. पाश्चरने 1866 सालच्या आपल्या ग्रंथात मुरणाऱ्या वाइनमधलं ऑक्सिजनचं काम दाखवलं होतं, आणि ओकच्या पिंपातून ती हवा अगदी मापात मिळते. जाड पॉलिथिनच्या टाक्या त्याच हेतूने वापरणारे वाइनवालेही आहेत. पण तिथे भिंतीची जाडी आणि टाकीचा आकार मोजून ठरवलेला असतो. भांडं जितकं लहान, तितकी दर लिटरमागे भिंत जास्त, आणि माझं भांडं लहान आहे.

यंदाही साली पिळल्या. पिंपातून कारबॉयमध्ये नळी सोडली, मानेपर्यंत दोन बोटं कमी पडत होती, तर गेल्या वर्षीच्या बाटलीतली वाइन घालून भरून काढली. एअरलॉकमध्ये पहिला बुडबुडा आला तेव्हा आईचा फोन चालू होता. “आवाज आला का गं?” तिने विचारलं. फोन काचेजवळ धरला आणि आम्ही दोघी दुसऱ्या बुडबुड्याची वाट बघत थांबलो.