वीजनिर्मिती, विस्थापन आणि वेगळेपणाची मागणी : मोलगी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ज्या प्रदेशातून ऊर्जा बाहेर जाते, त्याच प्रदेशात असंतोष साचतो, हा अनुभव जगातील अनेक देशांना आला आहे. नायजर नदीच्या मुखाशी असलेला तेलप्रदेश, इंडोनेशियातील आचे आणि भारतातील झारखंड ही याची परिचित उदाहरणे होत. महाराष्ट्रात हा विषय निघाला की विदर्भाचे नाव पुढे येते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या रांगांमध्ये असाच एक प्रदेश आहे. तेथील असंतोष राज्याच्या राजकारणात क्वचितच ‘प्रादेशिक असंतोष’ या नावाने ओळखला गेला. अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी हे त्या प्रदेशातील बाजाराचे गाव होय. भगर आणि आठवडे बाजार यांसाठी ते ओळखले जाते. होळीसाठी प्रसिद्ध असलेले काठी हे जुने संस्थानी गाव जवळच आहे. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला आणि तेथून धडगावकडे जाणारा रस्ता हीच या डोंगरी मुलखाची मुख्य वाट आहे.

या प्रदेशातील असंतोषाचे स्वरूप कोणते, त्याने स्वतंत्र राज्याच्या मागणीचे रूप कितपत घेतले आणि घेतले नसेल तर का, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी कोणाचे, वीज कोणाची

नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर वाहते. तिच्या दक्षिण तीरावर अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके आहेत. नर्मदेच्या पाण्याचा वाद सोडविण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये जाहीर झाला. वापरासाठी गृहीत धरलेल्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५० आणि महाराष्ट्रास ०.२५ असे वाटप ठरले. महाराष्ट्राचा हा वाटा एक टक्काही भरत नाही. मात्र सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेशास ५७, महाराष्ट्रास २७ आणि गुजरातेस १६ टक्के हिस्सा मिळाला. याचा अर्थ असा की महाराष्ट्राने या प्रकल्पात भाग घेतला तो प्रामुख्याने विजेसाठी. डोंगरातील गावे बुडविण्यास राज्याने जी संमती दिली, तिच्यामागील मुख्य मोबदला वीज हाच होता.

प्रकल्पाची स्थापित क्षमता १,४५० मेगावॉट आहे. त्यांपैकी १,२०० मेगावॉट नदीतळाच्या वीजगृहात आणि २५० मेगावॉट कालव्याच्या मुखाशी आहेत. ही क्षमता कागदावर स्थिर असली तरी प्रत्यक्ष निर्मिती स्थिर नसते, ही बाब सार्वजनिक चर्चेत फारशी येत नाही. कालव्यात सोडलेले पाणी नदीतळाच्या वीजगृहातून जात नाही. ते वीजगृह चालते ते कालव्याची गरज भागून उरलेल्या पाण्यावर आणि पावसाळ्यातील प्रवाहावर. वरच्या भागात मध्य प्रदेशाचा पाणीवापर वाढतो आणि खाली गुजरातेतील सिंचन वाढते, तसतसे नदीतळाच्या विजेसाठी उरणारे पाणी घटत जाते. ही घट योजनेतच गृहीत होती. ज्या लाभाच्या आधारे महाराष्ट्राने विस्थापन पत्करले, तो काळाच्या ओघात आटत जाणारा आहे. बुडालेली जमीन मात्र कायमची बुडालेली आहे. लाभ आणि हानी यांच्या कालावधीतील हा फरक प्रादेशिक अन्यायाच्या कोणत्याही विवेचनात मध्यवर्ती मानावयास हवा. परंतु टक्केवारीच्या चर्चेत तो हरवतो.

धरणाच्या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ही सर्व गावे आदिवासी आहेत आणि ती पूर्वी धुळे व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडतात. महाराष्ट्रातील बुडीत क्षेत्र सुमारे ९,६०० हेक्टर असून त्यापैकी सुमारे ६,५०० हेक्टर वनक्षेत्र आहे, तर लागवडीचे म्हणून नोंदलेले क्षेत्र सुमारे १,५०० हेक्टर इतकेच आहे. या आकड्यांकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. भिल्ल व पावरा कुटुंबे पिढ्यान्पिढ्या जी जमीन कसत आली, तिचा मोठा भाग सरकारी दप्तरात ‘वन’ म्हणून नोंदला गेला होता. तेथील शेतीला नेवाड म्हणतात. दप्तर तिला अतिक्रमण म्हणते. लवादाच्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन, कुटुंबास किमान २ हेक्टर आणि सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा अशा तरतुदी होत्या. त्या काळाच्या मानाने त्या उदार होत्या, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यांचा लाभ घेण्यासाठी जमीन ‘असावी’ लागते, आणि ती आहे की नाही हे ठरविणारा कागद शेतकऱ्याच्या घरात नव्हता. पुढील बहुतेक संघर्ष याच एका फटीतून उद्भवला.

आंदोलनाची भाषा

१९८६ मध्ये याच परिसरात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. पुढे तिन्ही राज्यांतील संघटना एकत्र येऊन नर्मदा बचाओ आंदोलन आकारास आले. बुडीताच्या काठावर पहिले असलेले अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गाव या लढ्याचे प्रतीक बनले. १९८५ मध्ये कर्ज मंजूर करणाऱ्या जागतिक बँकेने मोर्स समितीच्या १९९२ मधील अहवालानंतर मार्च १९९३ मध्ये प्रकल्पातून अंग काढले. त्याच वर्षी अक्राणी परिसरात पोलीस गोळीबारात एका किशोरवयीन आदिवासी मुलाचा बळी गेला. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास टप्प्याटप्प्याने परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला.

या तीन दशकांच्या लढ्यात महाराष्ट्रापासून अलग होण्याची मागणी आंदोलनाने केली नाही. त्याची भाषा गावाच्या अधिकाराची होती : आमच्या गावात आमचे राज्य. ही भाषा अलगतेची नसून निर्णयाच्या स्थानाविषयीची आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे स्थान दिले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा जो हक्क मान्य केला, तो या परिसराने त्याआधीच मागितला होता. बिलगावचे उदाहरण येथे बोलके आहे. अक्राणी तालुक्यातील या गावात उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये लोकांच्या श्रमदानातून आणि केरळमधील अभियंत्यांच्या मदतीने १५ किलोवॉटचा लघुविद्युत प्रकल्प उभा राहिला आणि पाड्यांवर दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात तो पाण्याने उद्ध्वस्त झाला. १,४५० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी ज्यांनी जमीन दिली, त्या मुलखात स्वतःच्या विजेचा प्रयत्न १५ किलोवॉटचा होता, आणि तोही टिकला नाही.

भिल प्रदेशाची मागणी व तिच्या मर्यादा

स्वतंत्र राज्याची मागणी या परिसराला अपरिचित आहे, असे मात्र नाही. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांतील सलग आदिवासी पट्ट्याचे ‘भिल प्रदेश’ राज्य व्हावे, ही कल्पना जुनी आहे. १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगढ येथे गोविंद गुरूंच्या अनुयायांवर झालेल्या गोळीबाराची स्मृती हे तिचे भावनिक अधिष्ठान होय. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ट्रायबल पार्टीने आणि २०२३ मध्ये स्थापन झालेल्या भारत आदिवासी पार्टीने ती नव्याने मांडली. जुलै २०२४ मध्ये मानगढ येथील मेळाव्यात तिचा पुनरुच्चार झाला.

या मागणीचा भौगोलिक आधार कृत्रिम नाही. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होताना पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील १५६ गावे गुजरातेत गेली. भाषावार प्रांतरचनेचा निकष मराठी आणि गुजराती असा दुपेडी होता. ज्यांची मातृभाषा भिली, देहवाली, नोईरी किंवा पावरी होती, त्यांच्यासाठी त्या निकषात रकानाच नव्हता. पुढे पुनर्वसनातही तीच सीमा आडवी आली : काही कुटुंबे गुजरातेतील वसाहतींत, तर काही तळोदा तालुक्यात वनविभागाच्या सुमारे ४,२०० हेक्टर जमिनीवर वसविलेल्या वसाहतींत गेली. एकाच पाड्याचे दोन राज्यांत विभाजन झाले.

तरीही राजस्थानच्या वागड भागात जो जोर या मागणीस मिळाला, तो सातपुड्यात मिळाला नाही. त्याचे एक कारण राजकीय रचनेत आहे. नंदुरबार लोकसभा मतदारसंघ आणि जिल्ह्यातील चारही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. प्रतिनिधित्वाचा अभाव ही तक्रार येथे करता येत नाही. प्रतिनिधी आपलाच असतो. दुसरे कारण चळवळींच्या परंपरेत सापडते. १९७२ च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी जमीन व मजुरीचा प्रश्न हाती घेतला, तेव्हाही प्रतिपक्ष मुंबईचे राज्य नसून शेजारचा जमीनदार आणि कचेरी हेच होते.

विदर्भाशी तुलना

विदर्भाची स्थिती वेगळी आहे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानेच स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. १९५३ चा नागपूर करार आणि संविधानातील ३७१(२) हे कलम यांमुळे तेथील तक्रारीस लेखी आधार मिळाला. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र, कोराडी, कोळशाच्या खाणी, राख आणि उन्हाळा आमचा व वीज मात्र इतरांची, हा युक्तिवाद विदर्भवाद्यांना म्हणूनच सहज करता आला.

नंदुरबारला असा आधार नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात आणि १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळांच्या रचनेत विदर्भ व मराठवाडा वगळता सारा मुलूख ‘उर्वरित महाराष्ट्र’ ठरला. अक्राणी आणि अक्कलकुवा हे पुणे, सांगली, कोल्हापूर यांच्यासह एकाच रकान्यात गेले. सरासरीत डोंगर सपाट झाला. २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. परंतु त्यापूर्वीची पंचवीस वर्षे या तालुक्यांचा अनुशेष स्वतंत्रपणे मोजलाच गेला नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

केंद्रीय जलविद्युत प्रकल्पांतून यजमान राज्याला १२ टक्के वीज मोफत देण्याची प्रथा आहे आणि २००८ च्या जलविद्युत धोरणात स्थानिक क्षेत्राच्या विकासासाठी आणखी १ टक्क्याची तरतूद झाली. सरदार सरोवर लवादाच्या निवाड्याने बांधलेले असल्याने तेथील हिस्सा राज्यांमध्ये वाटला जातो. राज्याच्या खाली, बाधित तालुक्यापर्यंत तो पोहोचविणारी तरतूद त्या वाटपात नाही. झारखंड आणि छत्तीसगड ही राज्ये नोव्हेंबर २००० मध्ये झाली तेव्हा खनिजांचे स्वामित्वधन नव्या राजधान्यांकडे वळले. ते खाणीशेजारच्या गावापर्यंत पोहोचावे म्हणून २०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची वेगळी व्यवस्था करावी लागली. जलविद्युतीत बुडालेल्या तालुक्यासाठी अशी व्यवस्था झालेली नाही.

मोलगीची मागणी

या पार्श्वभूमीवर मोलगी परिसरातून वेळोवेळी पुढे येणारी मागणी लक्षणीय ठरते. ती वेगळ्या राज्याची नसून मोलगी हा स्वतंत्र तालुका व्हावा अशी आहे. नर्मदाकाठच्या पाड्यावरील माणसाला दाखल्यासाठी प्रथम मोलगीपर्यंत आणि मग घाट उतरून अक्कलकुव्याला जावे लागते. काम त्या दिवशी झाले नाही तर मुक्कामाचा किंवा दुसऱ्या खेपेचा खर्च सोसावा लागतो. वनहक्काचा दावा, जातीचा दाखला, रेशनची तक्रार ही सर्व कामे याच अंतराने मोजली जातात. काठावरच्या ज्या गावांच्या पायवाटा जलाशयाने तोडल्या, तेथे आरोग्यसेवा नावेतून, तरंगत्या दवाखान्याच्या रूपाने जाते. लसीकरणाची पथकेही त्याच पाण्यावरून गेली. गावे ज्या पाण्याखाली गेली, त्याच पाण्यावरून आज त्या गावांपर्यंत शासन पोहोचते, आणि पावसाळ्यात जलाशय खवळला की ते किनाऱ्यावरच थांबते.