आमदारांसाठी राखीव

एसटीत वाहक होतो, त्यामुळे आमदारांसाठी राखीव असलेली सीट रोज डोळ्यांसमोर असायची. तिच्यावर खरा आमदार क्वचितच. बहुतेक वेळा मांडीवर बोचकं घेतलेली एखादी म्हातारी. सांगोल्याची तऱ्हा मात्र वेगळी. गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, आमदार असताना एसटीनं फिरायचे.

बाहेरगावचे लोक तेवढंच सांगतात आणि हात जोडतात. पण नुसत्या साधेपणाला मत कोण देतो हो? साधी माणसं आमच्याकडं वस्तीवस्तीला आहेत. खरी गोम अशी, की एसटीतला आमदार गाठता येतो. पीएची ओळख काढा, बंगल्यावर ताटकळा, ही भानगड नाही. चुरगाळलेला अर्ज पिशवीतून निघतो, थेट आमदाराच्या हातात जातो. आणि उत्तर गोलमाल द्यायची सोय नसते, कारण आजूबाजूचे पन्नासजण कान टवकारून बसलेले!

1962 साली ते पहिल्यांदा निवडून आले, 2014 साली अकराव्यांदा. पक्ष कायम एकच, शेतकरी कामगार पक्ष. तोही राज्यात ओसरत चाललेला. मंत्रिपद थोडाच काळ, बाकी हयात विरोधी बाकावर. तरी माणसं टिकली ती, माझ्या मते, पाण्यापायी. आमचा तालुका माणदेशातला. ढग येतात आणि पुढं जातात. 1993 साली नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. कृष्णेचं पाणी आम्हालाही द्या, ही तिची मागणी, आणि आबा त्यात पुढं. कराडजवळ टेंभूला नदी अडवायची, टप्प्याटप्प्यानं पाणी वर उचलायचं आणि आमच्याकडं आणायचं, अशी ती योजना. पैसा मंजूर करून घे, कालवा रखडला म्हणून भांड, पुन्हा मोर्चा काढ, असं वर्षानुवर्षं चाललं. फोटोत येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मोर्चात चाललेल्या माणसाला तो कालवा आपला वाटतो, हे मी सोयऱ्याधायऱ्यांत पाहिलंय.

म्हणून काही देव्हाऱ्यात बसवलं नव्हतं. 1972 साली लोकांनी आबांना पाडलं. 1995 साली पुन्हा, दोनशेपेक्षाही कमी मतांनी. दोन्ही खेपेला पुढं निवडूनही दिलं. 2019 साली ते उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला; तो हजाराच्या आतल्या फरकानं पडला. आबा 2021 च्या जुलैत गेले. 2024 साली दुसरा नातू त्याच पक्षाकडून निवडून आला. आता पाच वर्षं तालुका त्याचा हिशेब मांडेल.