घरची सेप्टिक टाकी : निगा आणि जबाबदारी

महोत्सवी अंकात हा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील. परंतु जेथे भुयारी गटार अद्याप पोहोचलेले नाही, तेथे घरोघरी अंगणात ही टाकी असते, आणि ती तुंबेपर्यंत तिची आठवण कोणालाच होत नाही.

टाकीचे कार्य साधे आहे. संडासचे पाणी तीत एक-दोन दिवस स्थिरावते. जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेल-चरबी वर तरंगून साय धरते आणि मधले निवळ पाणी शोषखड्ड्याकडे जाते. हवेवाचून जगणारे सूक्ष्मजंतू गाळ पचवितात, पण सगळा नव्हे. उरलेला साठत जातो. भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घरची टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सुमारे एक मीटर खोल पाण्याची असते. ती दोन-तीन वर्षांनी उपसलीच पाहिजे. नाहीतर गाळ शोषखड्ड्यात उतरून जमिनीची छिद्रे बुजतात, आणि ते दुखणे मग टाकी उपसूनही बरे होत नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर दूर असावा, हेही ध्यानात ठेवावे.

उपसण्याची वेळ झाली की नाही, हे काठीने समजते. लांब काठीला जुने पांढरे कापड गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी व हळूच वर घ्यावी. गाळाची काळी खूण कापडावर उमटते. गाळ व साय मिळून पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली, की गाडी बोलवावी. झाकण उघडताना विडी-काडी जवळ नसावी, कारण आतील मिथेन पेट घेतो. तोंडाशी वाकून पाहू नये.

चिंध्या, कागद, प्लास्टिक, खरकटे तेल संडासात टाकू नये. ॲसिड व फिनेल बेताने वापरावे, त्याने उपयोगी जंतू मरतात. छपराचे पाणी टाकीत सोडू नये. वायूच्या नळीला जाळी बसवावी, म्हणजे डास होत नाहीत. उपसण्याचे काम मृगापूर्वी उरकावे व तळाशी थोडा गाळ राहू द्यावा. नव्या पचनाला तो विरजणासारखा उपयोगी पडतो.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी ईदच्या आदल्या दिवशी आमची टाकी तुंबली. घर पाहुण्यांनी भरलेले, गाडी दोन दिवस मिळणार नव्हती. एक माणूस बादली घेऊन आला. "साहेब, मी उतरतो, तासाभरात मोकळी करतो," म्हणाला. मी विज्ञान शिकविणारा, तरीही पैसे ठरवू लागलो. अम्माने आतून विचारले, "तू स्वतः उतरशील का?" मी निरुत्तर झालो. पाहुण्यांची सोय शेजाऱ्यांकडे केली आणि गाडीची वाट पाहिली.

गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असता सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास नाही म्हणून धोका नाही असे समजून उतरलेला मनुष्य काही श्वासांत कोसळतो. त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच राहतो. म्हणून कोणी पडलाच तर आत उडी घेऊ नये; अग्निशमन दलाला 101 वर बोलवावे.

2013 च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे गुन्हा ठरविले आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा कायदा घरमालकालाही लागू आहे. तो माणूस राजी होता, ही सबब चालत नाही. त्याला राजी करते ती त्याची गरज.

संस्थेच्या सभासदांस एक सूचना आहे. एका गल्लीतील घरांनी मिळून उन्हाळ्यातच गाडी ठरवावी, आणि टाकी उपसल्याची तारीख स्वयंपाकघराच्या दाराआड खडूने लिहून ठेवावी. तारीख डोळ्यांसमोर असली, म्हणजे बादली घेऊन आलेल्या माणसाला हाक मारण्याची पाळी येणार नाही.