सूर्य एक, ठिपके अनेक

मोबाइलवर काढलेल्या सूर्यास्ताच्या फोटोत पुष्कळदा एक हिरवट ठिपका आगंतुकासारखा येऊन बसतो. कुणाला ती उडती तबकडी वाटते, कुणाला दैवी साक्षात्कार. ठिपक्याची जागा मात्र नीट पाहावी. सूर्य फोटोच्या मध्यबिंदूपासून जितका वर आणि उजवीकडे, तितकाच ठिपका बहुधा खाली आणि डावीकडे सापडतो. कारण तो सूर्यच आहे, उलटा झालेला. २५ ऑक्टोबर २०२२ च्या खंडग्रास ग्रहणासारख्या वेळी तर हे अगदी उघड होतं: मूळ सूर्य फोटोत नुसता पांढरा गोळा, आणि ठिपक्यात मात्र चंद्राने खाल्लेली कोर स्पष्ट!

साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. सात सुट्या भिंगांची लेन्स घेतली तर पृष्ठभाग १४. कुठल्याही दोन पृष्ठभागांमध्ये टोलवाटोलवी होऊन प्रकाश पुन्हा सेन्सरकडे वळू शकतो, आणि अशा जोड्या भरतात ९१. दोनदा परतलेला प्रकाश उरतो मूळच्या सव्वासहाशेवा भाग. पण भर दुपारचा सूर्य निळ्या आकाशाच्या लाखपटींहून तेजस्वी. त्याचा एवढासा अंशही आकाशावर उठून दिसतो.

यावरचा उतारा आधी योगायोगानेच दिसला. जुन्या, डागाळलेल्या भिंगांतून नव्यापेक्षा जास्त प्रकाश जातो, हे डेनिस टेलर या इंग्रज भिंगतज्ज्ञाच्या १८९० च्या दशकात ध्यानात आलं. पुढे १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत काचेवर पातळ थर चढवण्याची पद्धत काढली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर असला, की त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या हिरव्या प्रकाशलहरी एकमेकींना मारतात. लाल-निळा थोडा उरतो, म्हणून लेन्स तिरपी धरली की जांभळट चमकते. आजच्या बहुथरी लेपनात परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं, तरी सूर्यासमोर ते पुरत नाही.

सूर्य चौकटीबाहेर असेल तर उपाय फुकटचा आहे: तळहाताची सावली लेन्सवर पाडायची, बोटं फोटोत येऊ द्यायची नाहीत. लेन्स हूड तेच काम करतो. सूर्य चौकटीतच हवा असेल, तर दोन्ही निकामी. तेव्हा आधी लेन्स पुसावी. मोबाइलच्या फोटोतले लांबलचक प्रकाशाचे पट्टे बहुतेक वेळा बोटांच्या तेलकट ठशांचे असतात. कॅमेऱ्यावरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवावा. संरक्षणासाठी लावलेली ती सपाट काच अशा वेळी हमखास दगा देते. सूर्य फांदीआड किंवा कळसाआड अर्धा दडवला तरी बरंच निभावतं. आणि ठिपका हटतच नसेल, तर सूर्य चौकटीच्या बरोबर मध्यभागी आणावा. ठिपका सूर्यावरच जाऊन पडतो. मांडणी नंतर फोटो कातरून जमवता येते.