मोतीचा कोपरा

कार्तिकातल्या एका संध्याकाळी सासवडच्या अलीकडच्या रानात माणदेशातल्या धनगरांचा वाडा उतरला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. बाजरी निघाली होती, धसकटं तेवढी उभी होती. घोड्यांवरचं बिऱ्हाड खाली आलं, तीन दगडांची चूल पेटली, कोकरं वाघरीच्या जाळीआड गेली. मोठी मेंढरं, दोनेकशे असतील, उघड्या रानात बसवायची होती. वाड्यातले मामा मात्र ओढ्याकडच्या कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले. मीही मागोमाग गेलो.

“ही धसकटं बघा, पावनं.”

बाकीच्या रानात करंगळीएवढी जाड असलेली धसकटं तिथे पेन्सिलीहून बारीक होती.

“हितं मोती न्हवता,” मामा म्हणाले.

मला कळेना. मामांनी सावकाश उलगडून सांगितलं.

दिवाळीनंतर वाडे माणदेशातून पश्चिमेकडे निघतात आणि मृगाच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतो. रात्रभराच्या लेंड्या आणि मूत म्हणजे रानाला फुकट न मिळणारं खत. त्याचे पैसे किंवा धान्य मिळतं. पण मेंढरं सगळ्या रानभर सारखी बसली तरच खत सारखं पडतं, आणि निर्धास्त असल्याशिवाय मेंढरू पाय मुडपत नाही. त्याला निर्धास्त करायचं काम कुत्र्यांचं.

विलायती कॉली कुत्रं नजरेच्या धाकानं मेंढरं वळवतं. धनगराचं कुत्रं जास्त करून राखणीचं. मेंढरं वळवायला माणसाची शीळ आणि काठी असते. कुत्र्यानं रात्री जागायचं. पिल्लू डोळे उघडून चालायला लागलं की त्याला कोकरांत सोडतात. त्यांच्या अंगाच्या वासात वाढलं की कळप हेच त्याचं घर होतं. मग लांडगा अंधारात कुठेही हलला तरी ते आधी उठतं.

ओढ्याच्या अंगाला झुडपांचा आडोसा असतो. लांडगा यायचा तर तिथूनच. म्हणून प्रत्येक मुक्कामावर ओढ्याकडची बाजू मोतीची. त्याला कुणी तिथे बांधत नसे. भाकरी खाऊन झाली की तो उठायचा, कळपाला एक फेरा मारायचा आणि ओढ्याकडे तोंड करून बसायचा.

गेल्या वैशाखात परतीच्या वाटेवर, पहाटेच्या अंधारात, घाटातल्या वळणावर मोती टेंपोखाली गेला. रस्त्यावर आलेलं एक कोकरू तो कडेला रेटत होता. कोकरू वाचलं. मामांनी वळणावरच्या करंजाखाली खड्डा खणला, घोंगडीचा फाटका तुकडा अंथरला आणि कमरेच्या पिशवीतला भंडारा वर टाकला. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रं असतं, त्यामुळे भंडाऱ्यावर त्याचा हक्क आहे, असं त्यांनी मला अगदी साध्या सुरात सांगितलं.

त्यानंतरचा पहिला मुक्काम याच रानात पडला. चार रात्री मेंढरं बसवली आणि चारही रात्री ती ओढ्याकडे गेली नाहीत. हाकलून नेली तरी घटकाभरात उठून अलीकडे दाटी करायची. “मेंढरं कलल्यावानी बसायची,” मामी चुलीजवळून म्हणाली, “जशी काय जमीनच तिकडं उतरती हाय.” तो कोपरा खताविना राहिला. पाऊस पडला, बाजरी आली, आणि त्या कोपऱ्यातली पिवळी पडली. शेतकऱ्यानं आता त्याच कोपऱ्यात आधी मेंढरं बसवायला सांगितलं होतं.

मोतीचं ऐकताना मला कुत्र्यांची इतर स्मारकं आठवली. दहाव्या शतकात आपल्याच दख्खनच्या पठारावर, कर्नाटकातल्या आतकूर इथे, रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्यासाठी शिळा उभारली होती. ती आज बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. न्यूझीलंडमध्ये टेकापो सरोवराच्या काठी १९६८ साली मेंढपाळांच्या कॉली कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. कुत्र्याच्या उपकाराला दगडा-धातूत जागा देणारी ही माणसं मला जवळची वाटतात. पण दगड एका जागी राहतो आणि वाडा चार दिवसांनी हलतो. त्याला बरोबर नेता येईल अशीच आठवण हवी असते.

ती नावात राहते. या घरात कुत्र्याचं नाव कायम मोतीच. १९७२च्या दुष्काळात मामांच्या वडिलांबरोबर चालला तो थोरला मोती. मग बंडा मोती, मग कानफाट्या मोती, आणि हा घाटातला. मामी हिशेब सालांनी सांगत नाही. धाकटीचं लगीन बंड्याच्या वक्ताला झालं, मोठी घोडी कानफाट्या होता तवा गेली. मेलेलं कुत्रं असं त्यांच्या बोलण्यात रोज कामाला येतं. मी ऐकताना वही बाजूला ठेवली.

नवा मोती सात महिन्यांचा आहे. दुसऱ्या वाड्यावरून आणलेला, तांबूस, पायांनी अजून मोठा आणि अंगानं लहान. मामीनं भाकरी ताकात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. ती संपल्यावर मामांनी ट्रंकेतून एक काळपट पितळी घुंगरू काढलं आणि सुतळीत ओवून त्याच्या गळ्यात बांधलं. ते घाटातल्या मोतीच्या गळ्यातलं होतं. घुंगरू वाजलं तशी जवळच्या दोन-तीन म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

पिल्लाला घेऊन मामा ओढ्याकडे गेले आणि घोंगडी पसरून त्याच्याशेजारीच आडवे झाले. मी चुलीपाशी पडलो. रात्री दोनदा पिल्लू भुंकलं. दोन्ही वेळा मामांचा खालच्या पट्टीतला आवाज आला, “हाय रं, हाय. मी हाय.”

फटफटलं तेव्हा मेंढरं उठून अंग झाडत होती. मामा धसकटांतून वाकून चालले होते, मी त्यांच्यामागे. जमिनीवर लेंड्या पडल्या होत्या, काळ्या, ओलसर, दवानं चमकणाऱ्या. रानाच्या मध्यापासून त्या दाट होत्या. ओढ्याकडे जाताना विरळ होत गेल्या, पण थांबल्या नाहीत. घोंगडी पसरली होती तिथून दोन हातांवर एका मेंढीच्या बसण्यानं धसकटं मोडून गोल झाली होती. मामांनी तिथल्या मातीवर तळवा टेकवला.

“ऊब हाय,” ते म्हणाले, आणि पिल्लाला हाक मारली, “मोती!”